मांजाने चिरलेला गळा आणि श्वासाची वाट

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. उड्डाणपुलावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा नायलॉन मांजाने गळा चिरला, नागरिकांनी त्याला रुग्णालयात हलवले, गळ्याला इतके टाके पडले. टाक्यांचा आकडा बहुतेक वेळा मथळ्यातच असतो. पुढचे दोन-तीन दिवस मांजाबंदीवर चर्चा होते, पोलीस चार दुकानांवर छापे घालतात, महापालिका पत्रक काढते आणि रथसप्तमीपर्यंत विषय मागे पडतो.

टाक्यांच्या आकड्यावरून जखम किती लांब होती एवढेच कळते, ती किती जीवघेणी होती हे कळत नाही. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली, पण कातडीपुरतीच राहिलेली जखम असेल तर माणूस तीस-चाळीस टाके घेऊन चालत घरी जाऊ शकतो. उलट कंठमण्याच्या खाली आडवा बसलेला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद श्वासनलिकेत शिरला, तर तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. या जखमांत सगळ्यांचे लक्ष रक्ताकडे असते आणि रक्तस्राव जीवघेणा असतो यात शंका नाही. पण रक्त कुठे थांबवायचे हे निदान डोळ्यांना दिसते. श्वास कुठे अडतो आहे ते दिसत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत त्याची हानी सुरू होते. गळ्याला मार लागलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवणे हे आपत्कालीन वैद्यकातले सर्वांत अवघड काम मानले जाते. ते कुठे होऊ शकते, कोण करू शकते आणि जखमी माणूस तिथपर्यंत कसा पोहोचतो, यावर दर संक्रांतीच्या चर्चेत एक वाक्यही नसते.

मांजा नेमके काय करतो ते आधी पाहू. साधा सुती दोरा ताणला की तुटतो. नायलॉनचा एकेरी धागा तुटत नाही आणि त्यावर काचेची किंवा धातूची पूड चढवली की त्याची करवत होते. कटलेल्या पतंगाचे एक टोक झाडात किंवा विजेच्या खांबात अडकते, दुसरे समोरच्या इमारतीवर, आणि मधला धागा रस्त्यावर आडवा ताणला जातो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. पापणी लवेपर्यंत ती तीन-चार मीटर पुढे गेलेली असते. धागा हेल्मेटच्या काचेवरून घसरून खाली येतो आणि हनुवटी व शर्टाची कॉलर यांच्यामधल्या उघड्या पट्ट्यात बसतो. स्वार पुढे जात राहतो, धागा गळ्यावरून सरकत राहतो. तो सोडवायला हात वर जातो, म्हणून या रुग्णांच्या बोटांवरही खोल जखमा आढळतात. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसवलेले मूल असेल, तर धागा आधी त्याच्या तोंडावर किंवा गळ्यावर येतो. (याला ‘चायनीज मांजा’ म्हणायची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात यातला बराचसा माल आपल्याच देशात तयार होतो. बाजारात तो ‘गट्टू’ किंवा ‘मोनो काइट’ या नावाने मागितला जातो.)

आता तो उघडा पट्टा. मानेचे शल्यचिकित्सक तीन भाग करतात: छातीच्या हाडापासून स्वरयंत्राच्या खालच्या कड्यापर्यंत पहिला, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा, त्यावर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. मांजा बहुतेक वेळा दुसऱ्या भागात बसतो. तिथे चार बोटे रुंदीच्या जागेत स्वरयंत्र आहे, त्याला लागून श्वासनलिका सुरू होते, मागे अन्ननलिका, दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या आणि परत येणाऱ्या जाड शिरा, शिवाय आवाज चालवणाऱ्या नसा. छातीला बरगड्या आहेत, मेंदूला कवटी आहे. मानेला पुढच्या बाजूने हाडांचे कवच नाही. आहे ती कातडी आणि तिच्याखाली प्लॅटिस्मा नावाचा कागदासारखा पातळ स्नायू. या स्नायूवर बरेच काही ठरते. तो शाबूत असेल तर जखम धुऊन टाके घालता येतात. तो फाटला असेल तर जखम कितीही लहान दिसो, रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायला हवे. अपघात विभागात जखमेत बोट किंवा चिमटा घालून खोली बघायची नसते, कारण आत धरलेली रक्ताची गुठळी सुटली तर ती पुन्हा पकडता येत नाही.

रस्त्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होते ते कोणत्याही शहरात थोड्याफार फरकाने सारखेच असते. गर्दी जमते. ‘दादा, झोपा, झोपा’ म्हणत चार हात जखमी माणसाला डांबरावर आडवे करतात. तो उठू बघतो, हात झटकतो. लोकांना वाटते घाबरला आहे, म्हणून त्याला आणखी घट्ट दाबून धरले जाते. खरे तर त्याचे शरीर त्याला बरोबर सांगत असते. उताणे झोपवले की रक्त घशातून श्वासनलिकेत उतरते, जीभ आणि सुजलेले ऊतक मागे पडते, आणि अर्धवट कापलेल्या नळीची वाट बंद होते. बसून पुढे वाकले की रक्त बाहेर गळते आणि श्वास चालतो. शुद्धीवर असलेला माणूस ज्या स्थितीत बसू पाहतो, त्या स्थितीत त्याला बसू द्यावे आणि मागून आधार द्यावा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावे. गाडीवरून आपटलेल्या माणसाच्या मानेचा मणका दुखावला असण्याची शक्यता असते, म्हणून वळवताना डोके आणि धड एका रेषेत हाताने धरावे. पण मणक्याच्या भीतीने श्वास कोंडू देऊ नये. मानेची जखम चिरलेली असताना घट्ट कॉलर बांधली, तर ती जखम झाकते आणि आत वाढणारी सूजही झाकते.

रक्त थांबवायचे ते बोटांनी किंवा स्वच्छ कापडाची घडी ठेवून, जिथून वाहते आहे त्याच जागी दाबून. गळ्याभोवती पट्टी, ओढणी किंवा रुमाल गुंडाळून आवळायचा नाही. तो फासच होतो. बाजूची मोठी शीर उघडी पडली असेल, तर प्रत्येक श्वासागणिक तिच्यातून हवा आत ओढली जाऊन हृदयात जाऊ शकते. त्या जागेवरचा हात दवाखान्यापर्यंत काढायचा नाही. मात्र मधोमध जखमेतून बुडबुडे येत असतील, फसफस आवाज येत असेल, तर ते श्वासनलिकेचे भोक आहे आणि कदाचित माणूस त्यातूनच श्वास घेतो आहे. बाजूचे रक्त दाबायचे, पण हे भोक बुजवायचे नाही. पाणी पाजायचे नाही. हळद, कॉफी, चुना असले काहीही भरायचे नाही. मांजा अजून गळ्यात असेल तर तो ओढून न काढता दोन्ही बाजूंनी कापायचा.

१०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक प्रणालीच्या. गाडीत डॉक्टर असतो, हे देशातल्या अनेक राज्यांच्या तुलनेत महाराष्ट्राचे बलस्थान आहे. पण कापलेल्या श्वासमार्गापुढे धावत्या गाडीतला एकटा डॉक्टर फारसे काही करू शकत नाही. तो प्राणवायू देऊ शकतो, रक्त शोषून घेऊ शकतो, रुग्णाला बसवून नेऊ शकतो. सर्वांत मोलाचे म्हणजे तो पुढे फोन करू शकतो: गळ्याची जखम आहे, आवाज घोगरा झाला आहे, जखमेतून हवा येते आहे, वीस मिनिटांत पोहोचतो. हा फोन कोणाला करायचा, हे मात्र ठरलेले नसते.

खरी अडचण इथून सुरू होते. जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळ्याच्या या रुग्णाला एकाच वेळी तीन माणसे लागतात. श्वासमार्ग हाताळण्याचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ, गळ्यावर शस्त्रक्रिया करणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक, आणि रक्तवाहिनी शिवू शकणारा हात. शिवाय रक्तपेढी हवी. ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांची, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीची, केंद्र सरकारची आकडेवारी पाहिली तर ३१ मार्च २०२२ रोजी देशभरात शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चार प्रकारच्या विशेषज्ञांची गरजेच्या तुलनेत ७९.५ टक्के कमतरता होती. भूलतज्ज्ञाची गणती या चौघांत नाही, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ तर या पातळीवर अपेक्षितच नाही. त्यामुळे तालुक्यात जखमी झालेला माणूस आधी ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथे पट्टी होऊन जिल्हा रुग्णालयात, तिथून वैद्यकीय महाविद्यालयात. प्रत्येक ठिकाणी केसपेपर, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून तपासणी. दरम्यान गळ्याच्या आत सूज वाढत असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की, हवा सुरळीत वाहते आहे असे धरले तरी, तिचा अवरोध सोळा पट होतो. हे गणित जखमी माणसाच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत दिसत नाही. तो बोलत असतो, नातेवाइकांना ओळखत असतो, आणि मग अचानक ढासळतो.

म्हणून पहिल्या रुग्णालयाने काही चिन्हे वाचून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा असतो. जखमेतून हवेचे बुडबुडे, श्वास घेताना घशातून घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, बघता बघता फुगणारी मान, न थांबणारा रक्तस्राव, खाली जाणारा रक्तदाब, आणि कातडीखाली हवा भरल्याने मान दाबल्यावर होणारी कुरकुर. यातले एक जरी असले तरी क्ष-किरण, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या रांगा बाजूला ठेवून शस्त्रक्रियागृह गाठायचे. सीटीसाठी रुग्णाला उताणे झोपवावे लागते आणि नेमक्या त्या टेबलावर श्वास बंद पडतो, हा जगभरच्या अपघात विभागांचा अनुभव आहे. याउलट रुग्ण स्थिर असेल, यातले एकही चिन्ह नसेल, तर रक्तवाहिन्यांचे चित्र दाखवणारा सीटी हीच सर्वांत उपयोगी तपासणी.

रुग्णालयात श्वास देण्याची नेहमीची रीत सर्वांना ओघाने माहीत असते. भूल द्यायची, स्नायू शिथिल करणारे इंजेक्शन द्यायचे, तोंडातून नळी घालायची. हृदयविकार, विषबाधा, डोक्याचा मार, सगळीकडे हे चालते. चिरलेल्या गळ्यात हीच रीत घात करू शकते. श्वासनलिका अर्धवट कापलेली असते तेव्हा तिचे दोन तुकडे भोवतालच्या स्नायूंच्या ताणावर एकमेकांजवळ टिकून असतात. इंजेक्शनने तो ताण गेला की खालचा तुकडा छातीत घसरू शकतो. तोंडातून न बघता ढकललेली नळी कापलेल्या जागेतून बाहेर, मानेच्या ऊतकांत जाऊ शकते. किंवा अर्धा छेद पूर्ण करू शकते. तोंडावर मास्क ठेवून पिशवी जोरात दाबली तर हवा फुप्फुसात जाण्याऐवजी मानेत आणि छातीच्या पोकळीत भरते आणि मान आणखी फुगते. रुग्ण स्वतःच्या प्रयत्नाने श्वास घेत होता तो थांबवलेला असतो आणि दुसरी वाट मिळालेली नसते.

म्हणून या रुग्णात शक्यतो त्याला जागे ठेवून, बसलेल्या स्थितीत, त्याचा स्वतःचा श्वास न थांबवता काम करतात. घशात लिग्नोकेन फवारून लवचीक दुर्बिणीवर नळी चढवतात. दुर्बीण कापलेल्या जागेच्या पलीकडे गेल्याचे डोळ्यांनी पाहिले की मगच नळी तिच्यावरून सरकवतात. नळीचा फुगा छेदाच्या खाली जाईल असे बघतात. नंतर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर लाटा उमटल्या तरच नळी जागेवर आहे असे धरतात. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी केलेल्या देशव्यापी पडताळणीचा अहवाल २०११ मध्ये आला. श्वासमार्गाच्या दुर्घटनांमागे हे यंत्र न वापरणे आणि पर्यायी योजना आधी न ठरवणे ही कारणे वारंवार दिसली, असे त्यात म्हटले आहे. हे यंत्र काही दुर्मीळ राहिलेले नाही. ते शस्त्रक्रियागृहात असते आणि अपघात विभागात नसते, इतकेच.

रक्तामुळे दुर्बिणीतून काही दिसतच नसेल तर? मग कान-नाक-घसा तज्ज्ञ फक्त जागा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, जखमेच्या खालच्या बाजूला श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवतो. यालाच ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. आणि जखम इतकी उघडी असेल की कापलेली श्वासनलिका समोर दिसते आहे, तर सर्वांत भीषण दिसणाऱ्या या प्रसंगाला उपाय सर्वांत सोपा असतो: खालचे टोक चिमट्याने पकडून धरायचे आणि जखमेतूनच नळी आत सरकवायची. नवख्या डॉक्टरला हे सुचत नाही, कारण त्याला शिकवलेली वाट तोंडातून जाते.

अखिल भारतीय अवघड श्वासमार्ग संघटनेने २०१६ मध्ये भारतीय परिस्थितीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. नळी जात नाही, मास्कनेही हवा जात नाही, अशा वेळचा शेवटचा उपाय म्हणून कंठमण्याखालच्या पडद्याला छेद देऊन तातडीने वाट काढायला ती सांगतात. इतर रुग्णांत हा उपाय प्राण वाचवतो. गळ्याच्या जखमेत मात्र अनेकदा तो पडदा किंवा त्याच्या आजूबाजूचे कूर्चेचे कडेच फुटलेले असते. म्हणजे सगळे पर्याय संपल्यावर जिथे जायचे, तीच जागा जखमी. म्हणून इथे पर्याय संपेपर्यंत वाट पाहायची नसते. भूलतज्ज्ञ दुर्बीण हातात घेतो तेव्हा शल्यचिकित्सक हातमोजे घालून, मान स्वच्छ करून, सुरी तयार ठेवून शेजारी उभा असला पाहिजे. दोघे तज्ज्ञ एकामागून एक बोलावण्यात आणि एकत्र बोलावण्यात रुग्णाच्या जगण्या-मरण्याचा फरक पडतो.

अपघात विभागातले आणखी एक दृश्य. रुग्ण खाटेवर झोपायला तयार नाही, मास्क काढून फेकतो, हात-पाय झाडतो. केसपेपरवर लिहिले जाते, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’, आणि त्याला शांत करण्याचे इंजेक्शन दिले जाते. गळ्याच्या जखमेत अस्वस्थपणा हे प्राणवायू कमी पडत असल्याचे लक्षण असते, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत. शांत झालेला हा रुग्ण पुष्कळदा कायमचा शांत होतो.

उघडी जखम निदान दिसते तरी. न दिसणारी जखम जास्त फसवते. शेताच्या कडेची तार, रस्ता अडवायला बांधलेला आणि अंधारात न दिसलेला दोर, दुचाकीच्या चाकात अडकलेली ओढणी किंवा साडीचा पदर. यांत कातडीवर फक्त एक लाल वळ उमटतो आणि आत स्वरयंत्राची कूर्चा फुटलेली असते किंवा श्वासनलिका स्वरयंत्रापासून सुटलेली असते. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली. तिचा लांब रेशमी स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंडाळला गेला. आपल्याकडे उसाचा चरक, मळणी यंत्र आणि दुचाकी यांनी त्या घटनेची पुनरावृत्ती किती वेळा केली याची गणती नाही. अशा मारानंतर आवाज घोगरा झाला, थुंकीत रक्त आले, गिळताना दुखू लागले किंवा कंठमण्याचा उंचवटा सपाट वाटू लागला, तर वरून काही दिसत नाही म्हणून घरी पाठवायचे नसते. सूज काही तासांनी वाढते, बहुतेकदा रात्री, रुग्ण घरी झोपलेला असताना.

ट्रॅकिऑस्टॉमीचे नाव काढले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. ‘गळ्याला भोक पाडणार?’ हा पहिला प्रश्न आणि ‘आवाज जाईल का?’ हा दुसरा. संमतीच्या कागदावर सही करायला गावाकडून मोठ्या भावाची वाट पाहिली जाते. इतर शस्त्रक्रियांत ही वाट पाहणे समजण्यासारखे आहे. इथे वेळच नसतो, आणि जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा उपचार संमतीवाचून करण्याची मुभा कायद्याने डॉक्टरला आहे. आवाजाचे म्हणाल तर छेद स्वरतंतूंच्या खाली दिला जातो. नळी असेपर्यंत हवा वरून जात नाही म्हणून बोलता येत नाही. नळी निघाली की भोक बहुधा आपोआप भरून येते. आवाज पुढे कसा राहील हे त्या भोकावर नव्हे, तर स्वरयंत्राला आणि त्याच्या नसांना मूळ जखमेत किती इजा झाली यावर ठरते. ही दुरुस्तीही वेळेत व्हावी लागते. फुटलेली कूर्चा लवकर जागेवर बसवली नाही तर ती वेडीवाकडी जुळते आणि श्वासमार्ग कायमचा अरुंद होतो.

आता मांजाबंदीकडे. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. हे प्रकरण प्राणिमित्रांनी नेले होते, पक्षी हा त्यातला मोठा मुद्दा होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शहरातल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर स्वतःहून दखल घेतली. नागपुरात संक्रांतीला उड्डाणपूल वाहतुकीसाठी बंद ठेवले जातात. हा उपाय साधा आहे आणि उपयोगाचा आहे, कारण पुलावर वेग जास्त असतो आणि धागा नेमका गळ्याच्या उंचीवर येतो. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गावच्या गाव गच्च्यांवर असते. पोलीस ड्रोनने गच्च्या तपासतात, गुन्हे नोंदवतात. एवढे सगळे होते तरी धागा मिळतो, याचे कारण तो बारा महिने तयार होतो आणि कारवाई दोन आठवडे चालते.

बंदी हवीच. पण बंदी पूर्ण पाळली जात नाही हे आठ-नऊ वर्षांत दिसले आहे. मग जखमा होणार हे धरून चालायला हवे आणि त्यांची जागा, तारीख आणि प्रकार इतका आधीपासून ठाऊक असलेला अपघात क्वचितच दुसरा असेल. आषाढी वारीला आरोग्य खाते पालखी मार्गावर पथके ठेवते, गणेश विसर्जनाला घाटांवर रुग्णवाहिका उभ्या राहतात. संक्रांतीच्या तीन दिवसांसाठी असे काही होत नाही. खर्च फार नाही. प्रत्येक जिल्ह्यात गळ्याच्या जखमेसाठी एक रुग्णालय ठरवणे, तिथे १३ ते १५ जानेवारीला दुपारी बारा ते रात्री आठ कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही घरी नव्हे तर इमारतीत हजर असणे, अपघात विभागात लवचीक दुर्बीण, ट्रॅकिऑस्टॉमीचा संच आणि कार्बन डायऑक्साइडचे यंत्र खाली आणून ठेवणे, आणि त्या विभागाचा एक थेट क्रमांक १०८च्या नियंत्रण कक्षाला व तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयाला कळवणे. सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ नसेल तर शहरातल्या खासगी तज्ज्ञाला त्या तीन दिवसांसाठी मानधनावर बोलावता येते. प्रसूतीच्या शस्त्रक्रियांसाठी ही पद्धत राज्यात आधीपासून वापरात आहे.

दुचाकीस्वाराच्या हातातही काही आहे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, काच खाली, गळ्याला जाड पट्टा. पातळ ओढणी नायलॉनला अडवत नाही. हँडलला बसवायची धातूची उंच कमान बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळते, दिसायला विचित्र असली तरी धागा आधी तिच्यावर येतो. मुलाला टाकीवर बसवू नये. आणि या तीन दिवसांत संध्याकाळी, पतंग कटू लागतात तेव्हा, गाडी हळू चालवावी.

वाचलेल्यांची बातमी टाके पडल्यावर संपते. त्यानंतर काही जण गळ्यात नळी घेऊन घरी जातात, आठवड्यांसाठी, कधी महिन्यांसाठी. ती नळी वाळलेल्या कफाने बंद पडते, आणि घरात ती स्वच्छ करायला कोणाला शिकवलेले नसेल तर शस्त्रक्रियागृहात वाचवलेला श्वास माजघरात अडतो. आतली नळी दिवसातून किमान दोन-तीनदा काढून धुवावी लागते, तोंडाशी ओलसर जाळीचे कापड ठेवावे लागते, आंघोळीला पाणी खांद्याच्या खालीच ओतावे लागते. हे शिकवायला परिचारिकेला अर्धा तास पुरतो. रुग्णाला सुट्टी देण्यापूर्वी घरातल्या दोन माणसांकडून ते प्रत्यक्ष करून घ्यावे, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला एक फोन करावा, की तुमच्या गावात गळ्यात नळी असलेला एक माणूस येतो आहे.